लूर्देस अक्कांचा निकाल

माझी चूक घाईगडबडीत झाली नाही. बोलण्याआधी मी पाण्याचा घोट घेतला होता, माइक चालू आहे ना ते बघितलं होतं. मग लूर्देस अक्कांनी माझ्या घरी जेवताना विश्वासाने जे सांगितलं होतं, ते मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे सांगून टाकलं. अक्का त्याच मीटिंगमध्ये होत्या. मी त्यांच्या भावाबद्दल बोलत होतो आणि त्या ऐकत होत्या. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो आहे. गॅलरीत काही काम नव्हतं.

लूर्देस अक्का फिलिपिन्सच्या. वय साठीच्या आसपास, उंची बेताची, आखूड कापलेले पांढरे केस आणि पायात कायम कॅनव्हासचे बूट. साडीवरसुद्धा तेच. नवरा हेब्बाळचा, जहाजावर इंजिनिअर. मनिलाच्या बंदरात ओळख झाली, लग्न झालं आणि अक्का हेब्बाळच्या तळ्यामागच्या सासरी आल्या त्या कायमच्या. सासूला कानडीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून अक्का कानडी शिकल्या, आणि सासू तोंडाळ असल्यामुळे चांगल्याच शिकल्या. पुढे नवरा गेला, सासूही गेली. घर, अंगणातला शेवगा आणि कानडी तेवढी राहिली. रिक्षावाला मीटरवर यायला तयार नसला की अक्का त्याच्याशी जे बोलायच्या ते ऐकायला आमच्या ऑफिसातली पोरं मुद्दाम त्यांच्याबरोबर बाहेर पडायची. नाक चपटं, डोळे बारीक आणि भाषा अस्सल हेब्बाळची. रिक्षावाला आधी गोंधळायचा, मग हसायचा आणि शेवटी मीटर टाकायचा.

आमचं ऑफिस त्याच शहरात, महादेवपुऱ्यात. एका परदेशी कंपनीच्या समाजमाध्यमावर लोक जे टाकतात त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवायचं काम. कुणी तक्रार केली की ती पोस्ट आमच्याकडे यायची. प्रत्येक पोस्ट दोघं जण स्वतंत्रपणे बघत. दोघांचा निकाल एकच आला तर विषय संपला. वेगळा आला तर पोस्ट टीमच्या लीडकडे, म्हणजे माझ्याकडे. मी निपाणीकडचा. घरात मराठी, बाजारात कानडी आणि पगारापुरती इंग्रजी. फिलिपिन्सच्या पोस्ट आमच्या टीमकडे होत्या आणि टीममध्ये त्या देशाची भाषा जन्मापासून येणारं माणूस एकच, लूर्देस अक्का. बाकीची पोरं यंत्राने केलेल्या भाषांतरावर आणि अक्कांनी शिकवलेल्या खाणाखुणांवर काम चालवायची.

शिकवायच्या मात्र छान. ‘खोटं’ हा शब्द त्या कधी वापरत नसत. कुठलीही पोस्ट समोर आली की त्यांचा एकच प्रश्न: “हा सांगतोय ते सरी, ठीक. पण तेव्हा हा कुठे होता?”

त्यांच्या देशात निवडणूक जवळ आली तशा जुन्या मार्शल लॉबद्दलच्या पोस्ट ढिगाने यायला लागल्या. तो काळ म्हणजे सुवर्णयुग, शिस्त होती, रस्ते स्वच्छ होते, चोर नव्हते. आमचा कार्तिक, धारवाडकडचा, तेव्हा नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला. त्याने एकदा विचारलं, “अक्का, पण रस्ते बांधले होते ना खरंच?”

“बांधले की. दवाखानेही बांधले. मी नाही म्हणते का?”

“मग?”

“मग काय? ज्या दिवशी मार्शल लॉ आला त्या दिवशी सकाळी मी कार्टून बघायला टीव्ही लावला. टीव्हीवर काही नाही. रेडिओ लावला, तोही मुका. मी आईला म्हटलं, टीव्ही बिघडला. आई म्हणाली, बिघडला असेल. मी टीव्हीच्या पाठीवर धपाटे घालत बसले. दहा-अकरा वर्षांची होते. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष स्वतः टीव्हीवर आले तेव्हा मला वाटलं, माझ्या धपाट्यांनीच दुरुस्त झाला.”

पोरं हसली, अक्काही हसल्या. मग म्हणाल्या, “टीव्ही दुरुस्त झाला. बोलणारी माणसं नाही परत आली. चला, पुढची पोस्ट.”

त्यांच्या सवयी विचित्र होत्या. दाराकडे पाठ करून बसायच्या नाहीत. मीटिंगच्या खोलीत आधी जाऊन भिंतीकडची खुर्ची धरायच्या. ऑफिसच्या कॅबमधून घरी पोचल्या की टीमच्या ग्रुपवर प्रत्येकाला नाव घेऊन विचारायच्या, “पोचलास?” सगळ्यांचं ‘पोचलो’ आल्याशिवाय चुलीवर भात चढवायच्या नाहीत, असं स्वतःच सांगायच्या. पोरं त्याला ‘अक्कांची हजेरी’ म्हणायची. एका संध्याकाळी कार्तिकचं उत्तर आलं नाही. फोन बंद. रिंग रोडवर नेहमीसारखी गर्दी तुंबलेली असताना अक्कांनी हेब्बाळहून उलटी रिक्षा केली आणि मारतहळ्ळीच्या त्याच्या पीजीवर जाऊन दार वाजवलं. कार्तिक कानात इयरफोन घालून आंघोळीनंतर टॉवेलवर नाचत होता.

“अय्यो अक्का! तुम्ही?”

अक्कांनी त्याच्या उघड्या दंडावर एक सणसणीत फटका मारला. “चार्जर नाही तुझ्याकडे? गाढवा!” आणि आल्या पावली परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “एवढं काय होतं अक्का, मी काय लहान आहे?” त्या म्हणाल्या, “लहान मुलं हरवत नाहीत. तुझ्याएवढी हरवतात.” आम्हाला ती थट्टाच वाटली.

आणखी एक सवय आमच्या घरी चर्चेचा विषय झाली होती. माझी बायको सुजाता अधूनमधून त्यांच्यासाठी डबा द्यायची, कधी भरली वांगी, कधी पुरणपोळी. अक्का डबा रिकामा परत करत नसत. त्यात दोन केळी, शेवग्याच्या शेंगा, काहीतरी असायचंच. पण डबा धुतलेला नसायचा. मसाला तसाच वाळलेला, त्यावर कागद आणि कागदावर केळी.

“एवढी शिकलेली बाई,” सुजाता म्हणायची, “डबा विसळून द्यायला काय होतं?”

मी म्हणायचो, त्यांच्याकडची रीत असेल.

रीत नव्हती. ते कळलं अक्का आमच्याकडे जेवायला आल्या त्या रविवारी. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, निपाणीहून आले होते. आप्पा निवृत्त शिक्षक. पाहुण्यांशी बोलायचं म्हणजे काहीतरी ज्ञानाचं बोलायचं असा त्यांचा समज. अक्का कानडी बोलतात म्हटल्यावर त्यांना उत्साह आला. तुमच्याकडे पाऊस किती, भात कुठला, राज्यकारभार कसा. त्यावरून मार्शल लॉ निघाला आणि मार्शल लॉवरून आमची आणीबाणी.

“काही म्हणा,” आप्पा भाकरी मोडत म्हणाले, “आणीबाणीत कचेरीतला प्रत्येक बाबू दहाच्या ठोक्याला खुर्चीवर असायचा. गाड्या वेळेवर. आपल्या लोकांना तेच लागतं.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. खरं सांगायचं तर मीही कुठे कुठे ते म्हटलं आहे, ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तर हमखास.

अक्का हसल्या. “आमच्याकडेही तसंच, आप्पा. सगळं वेळेवर. माझ्या भावाला न्यायला आले तेही वेळेवर आले. आम्ही जेवायला बसत होतो.”

आप्पांचा हात ताटात थांबला. सुजाता वाढायची थांबली.

“कुठं नेलं?” आप्पांनी विचारलं.

“ते कळलं असतं तर बरं झालं असतं.”

मग त्यांनी सांगितलं. भाऊ नेस्तोर, कॉलेजात शिकणारा. मित्रांबरोबर सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढायचा. घरात सायक्लोस्टाईलचं यंत्र सापडलं तरी तुरुंग, असे दिवस. जीपमधून साध्या कपड्यातली माणसं आली. अक्का तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या. दार त्यांनीच उघडलं. नेस्तोर म्हणाला, चप्पल घालतो, थांबा. त्या माणसांनी चप्पल घालू दिली नाही.

“आई रोज डबा घेऊन छावणीवर जायची. पहारेकरी म्हणायचा, आहे तुमचा मुलगा, द्या डबा. दुसऱ्या दिवशी डबा परत मिळायचा, स्वच्छ घासलेला. आई तो डबा उन्हाकडे धरून बघायची आणि म्हणायची, बघ, नेस्तोरनेच घासलाय, कडा कशा पुसल्यात. तिने त्याला लावलेली सवय ना. कित्येक महिने चाललं. मग तो पहारेकरी बदलला. नवा म्हणाला, या नावाचा इथे कुणी नाही. कधीच नव्हता.”

अक्कांनी आमटीचा वाडगा जवळ ओढला.

“तेव्हापासून घासलेला डबा माझ्याने हातात धरवत नाही. सुजाता, तुला वाटत असेल बाई घाणेरडी आहे.”

सुजाता तिथून उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आप्पा ते आणीबाणीचं वाक्य अजूनही बोलायला जातात. पण आता अर्ध्यावर थांबतात.

अक्कांना सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो. दार बंद व्हायच्या आत त्यांनी हाताने ते अडवलं. “अनंता, हे ऑफिसात नको. तिथे मी लूर्देस अक्का आहे. मला बिचारी करू नकोस.”

मी म्हटलं, “छे छे अक्का, कुणाला सांगणार मी?”

निवडणुकीच्या आधी काही आठवडे तो व्हिडिओ आला. बेपत्ता झालेल्या तरुणांचे जुने फोटो एकामागून एक, आणि वरून हसत हसत बोलणारा आवाज: ही पोरं पळून गेली होती, काही डोंगरात, काही अमेरिकेत, घरच्यांना सगळं माहीत आहे, सरकारकडून नुकसानभरपाई मिळावी म्हणून ती रडतात, अशी घरं ओळखून ठेवा. कार्तिकने भाषांतर वाचलं आणि निकाल दिला: राजकीय मत, ठेवा. अक्कांनी निकाल दिला: ठरावीक कुटुंबांवर हल्ला, काढा. निकाल वेगळे म्हणून व्हिडिओ माझ्याकडे आला.

मी तो पाहिला. फोटोंमध्ये एक नेस्तोर होता. खाली नाव होतं, आणि आडनाव अक्कांचं माहेरचं. नियमही माझ्यासमोर होता. मत ठेवायचं, पण बळींच्या घरच्यांना नावानिशी खोटारडं ठरवून त्यांच्यावर लोक सोडायचे असतील तर काढायचं. तो व्हिडिओ कुणीही बघितला असता, अगदी मंगळावरून आलेल्या माणसानेही, तरी काढायलाच हवा होता. मला ते कळलं होतं. पण कंपनीच्या आपोआप निकाल देणाऱ्या यंत्राने त्याला ‘ठेवा’ म्हटलं होतं, आणि यंत्राशी आमचे निकाल कमी जुळले की टीमच्या अचूकतेचा आकडा घसरायचा. आकडा आधीच घसरलेला होता. मी निकाल दिला नाही. ‘चर्चेसाठी’ म्हणून व्हिडिओ गुरुवारच्या मीटिंगकडे ढकलला.

गुरुवारी त्या परदेशी कंपनीची माणसं स्क्रीनवर असायची आणि वादातले निकाल तपासायची. त्यांच्या मॅनेजरबाई गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, “या एका विषयावर तुमच्या एका रिव्ह्यूअरचे निकाल सतत वेगळे पडतायत. आम्हाला माहीत असायला हवं असं काही आहे का?”

उत्तर साधं होतं. ‘हा निकाल नियमाला धरून आहे’ एवढंच म्हणायचं. त्यानंतर आकड्याचा, माझ्या कामाचा आणि पुढच्या वर्षीच्या कंत्राटाचा प्रश्न निघाला असता. मी पाण्याचा घोट घेतला. म्हणालो, “त्यांची पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. त्यांचा सख्खा भाऊ त्या काळात बेपत्ता झाला होता. या व्हिडिओत त्याचा फोटो आहे. त्यामुळे थोडं भावनिक होणं साहजिक आहे.”

खोलीत अक्का भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. कार्तिकने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, “हो. खरं आहे ते.” बस, एवढंच.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. मॅनेजरबाईंनी सहानुभूती व्यक्त केली. निकाल देणाऱ्याचा विषयाशी वैयक्तिक संबंध असेल तर त्याला त्या कामावरून हलवायचं, हा नियम त्यांनी वाचून दाखवला. अक्कांना मार्शल लॉच्या पोस्टवरून काढून बनावट बुटांच्या जाहिरातींवर टाकलं. व्हिडिओ राहिला. आमचा आकडा सुधारला.

मीटिंगनंतर अक्का माझ्या टेबलाशी आल्या. बसल्या नाहीत.

“अनंता, मी पोरांना काय शिकवते? सांगणारा तेव्हा कुठे होता ते विचारा. मी तिथे होते. दार मी उघडलं. म्हणून माझा निकाल बाद?”

“अक्का, नियम असा आहे की...”

“नियम मला पाठ आहे. मला एक सांग. तो व्हिडिओ काढायचा होता की नव्हता?”

“काढायचा होता.”

“मग हे तिथे का नाही म्हणालास?”

मी टेबलावरच्या वायरी नीट करायला लागलो. त्या गेल्या. त्या संध्याकाळी ग्रुपवर नेहमीसारखी हजेरी आली. माझंही नाव होतं: “अनंता, पोचलास?” त्यांनी मला वगळलं असतं तर बरं झालं असतं. मी ‘पोचलो’ लिहिलं, आणि जेवलो नाही.

बनावट बूटही त्यांनी मन लावून तपासले. शिलाई कशी ओळखायची ते पोरांना शिकवलं. निवडणूक झाली. ज्या घराण्याने मार्शल लॉ आणला होता त्याच घराण्यात पुन्हा सत्ता गेली. दुसऱ्या दिवशी कार्तिक हळूच म्हणाला, “अक्का, सॉरी.” अक्का म्हणाल्या, “तू कशाला सॉरी? तू मत दिलंस का तिथे? तुला जे दिसलं तो निकाल दिलास. नीट बघायला शीक म्हणजे झालं.” त्या ‘तू’वर जोर होता असं मला वाटलं. कदाचित नव्हता. महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं. निरोपाचा केक आणायचा का विचारलं तर म्हणाल्या, “केक बेडा, नको. मी काय रिटायर होते आहे? कंटाळून जाते आहे.”

त्यानंतर मला कुठे स्वस्थ बसवेना. मीटिंग चालू असताना उठायचो, पाणी भरायचो, परत यायचो. सुजाताला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “आपल्या ताटावर सांगितलं होतं रे त्यांनी.” एका रविवारी मी हेब्बाळला गेलो.

अक्का अंगणात शेवग्याचा पाला निवडत होत्या. मला बघून त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. मी पाठ करून आलो होतो ते म्हणायला लागलो. “अक्का, मी चुकलो. पण त्या वेळी परिस्थिती अशी होती की... टीममधल्या पोरांच्या नोकऱ्या... म्हणजे माझा हेतू तसा नव्हता, पण...”

“तुझ्या माफीत ‘पण’ फार आहेत,” अक्का म्हणाल्या. “हा पाला जसा. काड्याच जास्त.”

मी सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

“आणि माझ्या अंगणात येऊन माफी मागतोस? इथे कोण आहे? मी आणि हा शेवगा. आमच्या देशात पण असंच चालतं. भेटले की कानात सांगतात, तुमच्यावर अन्याय झाला हो. चौकात म्हणा म्हटलं की घड्याळ बघतात.” त्यांनी डहाळी झटकली. “जिथे बोललास तिथे बोल. त्या बाईंसमोर, पोरांसमोर.”

“नोकरीवर येईल, अक्का.”

“येईल. मग?”

शेजारच्या बांधकामावर कटरने फरशी कापायला सुरुवात झाली. आवाज थांबेपर्यंत अक्का पाला निवडत राहिल्या.

“नेस्तोरचं नाव घेऊ का?” मी विचारलं.

अक्कांनी हातातली डहाळी खाली ठेवली. “त्या दिवशी न विचारता घेतलंस. आज विचारतोयस. घे. काय झालं ते पूर्ण सांग. आणि मला नंतर सांगायला येऊ नकोस कसं झालं ते. मला शाबासकी द्यायला लावू नकोस.”

फाटकापर्यंत त्या आल्या नाहीत. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा त्या खाली वाकून सुपात पाला पाखडत होत्या आणि शेजारच्या कुणाला तरी स्कूटर दारातून काढायला ओरडून सांगत होत्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

लगेच बोललो असं नाही. पुढचे कितीतरी गुरुवार मी माइक चालू करायचो आणि बंद करायचो. एकदा आजारी असल्याचं सांगून मीटिंगच चुकवली. मग एका गुरुवारी मॅनेजरबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय? स्क्रीनवर बहुतेक तेच चेहरे होते. भिंतीकडच्या खुर्चीवर कुणीतरी बॅग ठेवली होती. कार्तिक समोर होता. मी उभा राहिलो. का ते माहीत नाही, अशा मीटिंगमध्ये कुणी उभं राहत नाही. इंग्रजीत बोललो, पण बोललो ते हे:

“लूर्देस अक्कांची खाजगी गोष्ट मी याच मीटिंगमध्ये त्यांना न विचारता सांगितली. त्यांचा निकाल नियमाला धरून होता आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. मी तसं म्हणालो नाही. माझी जागा सांभाळण्यासाठी त्यांचं दुःख हा त्यांच्या कामातला दोष आहे असं मी तुमच्यापुढे मांडलं. तो व्हिडिओ अजून तिथे आहे. तो पुन्हा तपासायला घ्या, ही माझी मागणी आहे. त्यातल्या एका मुलाचं नाव नेस्तोर. तो पळून गेला नाही. त्याला जेवणावरून उठवून, चप्पलही घालू न देता नेलं, आणि तेव्हा लूर्देस अक्का दारात होत्या. त्या सांगतात ते मी ग्राह्य धरायला हवं होतं. मी धरलं नाही. माझं चुकलं. मी त्यांची माफी मागतो.”